सह्याद्रीतलं आकाश, ढग आणि पाऊस : हौशी टाइमलॅप्ससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक वेळाने एकेक फोटो काढून, ते जोडून केलेली, काळ पळवणारी क्लिप. ही उत्तरं ज्यांच्याकडे एखादा डीएसएलआर, मिररलेस किंवा बरा मोबाइल आहे आणि ज्यांना ढग, धुकं, सूर्यास्त, तारे टिपायचे आहेत त्यांच्यासाठी आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या हवेची आणि डोंगरांची आहेत. आकडे फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याचे आहेत. तसं नसेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

व्हिडिओ काढून तो फास्ट केला तर चालत नाही का?

अर्ध्या तासाच्या आतलं काही असेल तर चालतं. पण व्हिडिओत प्रत्येक फ्रेमचा शटर फार तर १/२५ सेकंद उघडा राहतो, त्यामुळे रात्रीचं आकाश हाती लागत नाही. शिवाय दोन तासांच्या ४के व्हिडिओची फाइल अवाढव्य होते आणि बरेच कॅमेरे तोवर तापून बंद पडतात. फोटोंमधून टाइमलॅप्स केला की प्रत्येक फ्रेम रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) मिळते. सूर्यास्तासारख्या प्रसंगी आकाश आणि दरी यांच्या उजेडातला फरक सांभाळायला रॉच लागतो.

किती फोटो लागतात?

आपल्याकडे २५ फ्रेम प्रति सेकंद सोयीचं. १० सेकंदांच्या क्लिपला २५० फोटो. दर ५ सेकंदांनी एक फोटो घेतला तर २५० फोटोंना १२५० सेकंद, म्हणजे जवळपास २१ मिनिटं लागतात. पण नेमके २५० काढून थांबू नका. ३५० ते ४०० काढा. सुरुवातीला ट्रायपॉड जमिनीत किंचित बसतो, शेवटी कोणीतरी समोरून जातं, आणि ढगांची सगळ्यात सुंदर हालचाल कधी होईल ते आधी कळत नाही.

इंटरव्हल (एका फोटोपासून पुढच्या फोटोपर्यंतचा वेळ) किती ठेवायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक जण ‘ढगांना ५ सेकंद’ असं पाठ करून ठेवतात. पण ढगाचा खरा वेग आणि फ्रेममध्ये दिसणारा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. तोच ढग १६ मिमीच्या रुंद लेन्समध्ये रेंगाळतो आणि १०० मिमीच्या लांब लेन्समध्ये सुसाट पळतो. म्हणून जागेवर एक साधी चाचणी करा : कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ढगाची एक कड हेरा आणि ती एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोजा. क्लिपमध्ये हा प्रवास ६ ते ८ सेकंदांत व्हावा, म्हणजे १५० ते २०० फ्रेममध्ये. मोजलेल्या वेळेला १७५ ने भागा, इंटरव्हल मिळाला. ढग १० मिनिटांत फ्रेम पार करत असेल तर ६०० भागिले १७५, म्हणजे साडेतीन सेकंद.

पहिला अंदाज म्हणून :

- जून-जुलैत डोक्यावरून धावणारे खालचे ढग, कड्यावरून उसळणारं धुकं : १ ते २ सेकंद
- श्रावणातली डोंगरउतारावरून सरकणारी ऊन-सावली : २ सेकंद
- दुपारचे कापसासारखे ढग : ३ ते ५ सेकंद
- हिवाळ्यात दरीत साचलेलं सकाळचं धुकं : ४ ते ६ सेकंद
- उंचावरचे पिसांसारखे ढग : ८ ते १० सेकंद
- इमारतीची किंवा झाडाची सरकती सावली : १५ ते ३० सेकंद
- तारे : शटरची वेळ अधिक २-३ सेकंद

शंका असेल तर कमी इंटरव्हल घ्या. जास्तीच्या फ्रेम एकाआड एक गाळून वेग वाढवता येतो. न काढलेली फ्रेम मात्र मागाहून आणता येत नाही.

सूर्य किंवा चंद्र लांब लेन्सने काढताना गणित सोपं आहे. सूर्याचा व्यास साधारण अर्धा अंश आहे आणि तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाइतकं अंतर २ मिनिटांत कापतो. २०० मिमीने अरबी समुद्रात बुडणारा सूर्य १० सेकंदांच्या इंटरव्हलने टिपला, तर बिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम १२-१३ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. तिथे १ सेकंदच ठेवा. आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते. फ्रेम लाइव्ह व्ह्यूवर जुळवा.

माझ्या क्लिपमध्ये सगळं टकटक उड्या मारत जातं. गुळगुळीत का दिसत नाही?

शटर फार वेगाचा आहे. १/४०० सेकंदाला प्रत्येक फ्रेम लख्ख गोठते आणि दोन फ्रेममधली उडी डोळ्याला खुपते. शटर इंटरव्हलच्या निम्मा ठेवला (४ सेकंदांना २ सेकंद) की हालचाल एकमेकीत मिसळते. मात्र हे सगळीकडे लागत नाही. लांबचे ढग १/१०० लाही छान दिसतात. जवळचं गवत, झाडं, धबधबा, घाटातल्या गाड्या, अंगावरून जाणारं धुकं असेल तर लांब शटर हवाच.

भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ ला उजेड बरोबर यायला साधारण १/४०० लागतो. त्यावरून २ सेकंदांवर जायचं म्हणजे उजेड ८०० पट कमी करायचा, म्हणून एनडी १००० फिल्टर (लेन्सवर चढवायची, उजेड सुमारे १००० पट कमी करणारी गडद काच). एनडी ६४ ने १/६ सेकंदापर्यंत पोहोचाल, ढगाळ दिवशी तेवढं पुरतं. फोकस फिल्टर चढवण्याआधी करा. स्वस्त गडद फिल्टरला तांबूस झाक असते. फिरवून गडद होणारा फिल्टर रुंद लेन्सवर आकाशात फुलीसारखा काळा पट्टा पाडतो. तो टाइमलॅप्ससाठी घेऊ नका.

फ्लिकर का येतो आणि कसा टाळायचा?

फ्लिकर म्हणजे क्लिप चालू असताना उजेड धडधडल्यासारखा कमीजास्त होणं. पहिलं कारण म्हणजे कुठलंतरी सेटिंग ऑटोवर राहिलेलं असतं : एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड), आयएसओ किंवा व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक). सूर्यावरून ढग गेला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला नवा हिशोब मांडतो. उपाय सरळ आहे : मोड मॅन्युअल, आयएसओ ठरलेला, व्हाइट बॅलन्स दिवसा ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का.

सगळं मॅन्युअल करूनही फ्लिकर येतो, तेव्हा लोक गोंधळतात. तो अ‍ॅपर्चरच्या पात्यांमुळे येतो. डीएसएलआरमध्ये लेन्स एरवी पूर्ण उघडी असते आणि फोटोच्या क्षणी पाती एफ ८ ला, एफ ११ ला मिटतात. दर वेळी ती नेमकी त्याच जागी येत नाहीत. केसाएवढा फरक पडतो आणि मोकळ्या निळ्या आकाशात तो लगेच दिसतो. अ‍ॅपर्चर जितकं बारीक तितका हा त्रास जास्त. म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवून शूट करा (एनडी इथेही कामी येतो), किंवा अ‍ॅपर्चरची रिंग हाताने फिरवायची जुनी मॅन्युअल लेन्स वापरा. तिची पाती हलतच नाहीत. जुन्या बाजारातली २८ मिमी किंवा ५० मिमीची अशी लेन्स अ‍ॅडाप्टरने बसते आणि या कामात महागड्या ऑटोफोकस लेन्सला भारी पडते.

तिसरं कारण व्ह्यूफाइंडर. ऑटो किंवा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो) डीएसएलआर असेल आणि पाठीमागे ऊन असेल तर डोळा लावायच्या खिडकीतून उजेड आत शिरून मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप) बिघडवतो. त्यावर झाकण किंवा काळी पट्टी लावा.

पहिला फोटो घेण्याआधी काय काय तपासायचं?

1. ट्रायपॉड रोवून मधला दांडा पूर्ण खाली.
2. फोकस एकदा करून मॅन्युअलवर, आणि फोकस रिंगवर कागदी चिकटपट्टी.
3. इमेज स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर फ्रेम हळूहळू वाहत जाते.
4. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू असेल तर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद अडकून पडतो.
5. रॉ निवडलेलं, कार्ड रिकामं, फोटोनंतरचा प्रिव्ह्यू बंद.
6. गळ्यातला पट्टा काढून ठेवलेला. वाऱ्यात तो शिडासारखा काम करतो.
7. पाच-दहा चाचणी फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघितलेला.

फाइलचा क्रमांकही बघा. गणती ९९९९ वर पोहोचली की पुढचा फोटो ०००१ होतो आणि नव्या फोल्डरमध्ये जातो. सॉफ्टवेअरला मग ती दोन वेगळी मालिका वाटते आणि क्लिप उलटसुलट होते. असं झालंच तर फोटो वेळेनुसार लावून सगळ्यांना नवी नावं द्या.

मोबाइलवर चांगला टाइमलॅप्स होतो का?

दिवसाउजेडी होतो. आयफोनचा टाइमलॅप्स मोड शूटिंग जसं लांबेल तसा इंटरव्हल आपोआप वाढवत जातो, त्यामुळे अर्धा तास चालवा की दोन तास, क्लिप साधारण २० ते ४० सेकंदांचीच बनते. इंटरव्हल हातात ठेवायचा असेल तर मॅन्युअल अ‍ॅप लागतं. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा या मोफत अ‍ॅपमध्ये ठरावीक वेळाने फोटो घेण्याची सोय आहे. स्क्रीनवर दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन रंगात फोन येतो. एप्रिलच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद करतो, म्हणून स्क्रीनचा उजेड कमी ठेवा आणि फोनवर सावली धरा.

सूर्यास्तापासून ताऱ्यांपर्यंत एकच क्लिप कशी काढायची?

अवघड काम आहे. सूर्यास्ताआधी १/२५० सेकंद, आयएसओ १०० आणि रात्री २० सेकंद, आयएसओ ३२००. अ‍ॅपर्चर तेच ठेवलं तरी हा फरक सुमारे १७ स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर पहिली ४५-५० मिनिटं उजेड दर ३ मिनिटांना साधारण १ स्टॉप पडत जातो. पूर्ण काळोख व्हायला सव्वा तास लागतो.

हाताने करायचं तर दर मिनिटाला १/३ स्टॉप वाढवा. आधी शटर लांबवा. तो ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की आयएसओ चढवा. अ‍ॅपर्चरला हात लावू नका. फोटो चालू असताना बटण दाबू नका, दोन फोटोंच्या मधल्या सेकंदात दाबा, आणि एक बोट पुरेल इतक्या हलक्या हाताने. नवीन सेटिंग स्क्रीन बघून ठरवू नका. अंधारात स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासते आणि सगळी मालिका अंडरएक्स्पोज (गरजेपेक्षा काळी) होते. हिस्टोग्रामवरच विश्वास ठेवा.

अशा मालिकेत दर १/३ स्टॉपला एक पायरी दिसते. ती सपाट करण्याचं काम एलआरटाइमलॅप्स हे सॉफ्टवेअर उत्तम करतं. गुंथर वेगनर यांनी ते याच कामासाठी बनवलं आहे आणि मोफत चाचणी आवृत्तीत ४०० फोटोंपर्यंतची मालिका चालते.

दुसरा मार्ग अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आणि ऑटो आयएसओ. कॅमेऱ्यात इंटरव्हल शूटिंगसाठी एक्स्पोजर हळूहळू बदलण्याची सोय असेल (नायकॉनमध्ये ‘एक्स्पोजर स्मूदिंग’, सोनीत ‘एई ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी’ कमी), तर निकाल चांगला येतो. एक अडचण राहते : कॅमेरा रात्रही दिवसासारखी उजळ करू पाहतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १ ठेवलं की रात्र रात्रीसारखी दिसते.

इंटरव्हलची अडचण उरतेच. ताऱ्यांना २२-२५ सेकंद लागतात, सूर्यास्ताच्या ढगांना ४. पहिल्या प्रयत्नात दोन वेगळ्या क्लिप काढा, एक सूर्यास्ताची, एक पूर्ण काळोखाची, कॅमेरा तसूभरही न हलवता. मग दोन्ही एकमेकींत विरघळवा. बघणाऱ्याला जोड सहसा कळत नाही.

आकाशगंगेसाठी कधी आणि कुठे?

आकाशगंगेचा दाट, तेजस्वी मधला भाग महाराष्ट्रातून फेब्रुवारीअखेर पहाटे, एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर आणि मे महिन्यात रात्री १० नंतर चांगला वर आलेला असतो. तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला सुमारे ४२ अंशांपर्यंत चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. म्हणून दक्षिण मोकळी असलेली जागा शोधा, आणि त्या दिशेला शहर नको. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री धरा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ विसराच. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी थोडा वेळ पुन्हा मिळतो. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेलं क्षेत्र) ठरला. विदर्भातल्या हौशी मंडळींसाठी तो हाताशी आहे.

सेटिंगची सुरुवात : १४ मिमी, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००, ४००० केल्विन. तारे रेघा होऊ नयेत म्हणून ५०० भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिमी) इतके सेकंद ही वरची मर्यादा मानतात. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ती सैल पडते, म्हणून ३०० ने भागलेलं बरं. छोट्या सेन्सरवर फोकल लेंग्थला आधी दीडने गुणा : १८ मिमी म्हणजे २७, ३०० भागिले २७ म्हणजे ११ सेकंद, ओढून ताणून १५.

फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवून करू नका, ती खूण क्वचितच बरोबर असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा १० पट मोठा करा आणि तो सगळ्यात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. पहाटे तापमान उतरलं की फोकस किंचित सरकतो, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा बघा.

२० सेकंद शटर आणि २० सेकंद इंटरव्हल ठेवला, तर निम्मेच फोटो आले. का?

इंटरव्हल बहुतेक कॅमेऱ्यांत एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या फोटोच्या सुरुवातीपर्यंत मोजला जातो. शटर मिटायच्या आतच पुढची वेळ आली की कॅमेरा ती सोडून देतो आणि इंटरव्हल ४० सेकंदांचा होतो. दुसरा सापळा असा की स्क्रीनवर १५ दिसतं तेव्हा बऱ्याच कॅमेऱ्यांत शटर खरं तर १६ सेकंद उघडा असतो, आणि ३० म्हणजे ३२. त्यामुळे १५ ला १८ आणि ३० ला ३५ ठेवा.

मध्यरात्रीनंतर सगळे फोटो धूसर होत जातात. धुकं नव्हतं.

लेन्सवर दव पडलं. निरभ्र आकाशाखाली लेन्सची काच आपली उष्णता वर सोडत हवेपेक्षा थंड होते आणि दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर बाष्प धरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही धरणाच्या काठी, हे हमखास होतं. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत परत येतं आणि कॅमेराही हलतो. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा आणि दव पडायची वाट न बघता पहिल्या फोटोपासून चालू ठेवा. १० वॉटची पट्टी २०००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ४ ते ५ तास चालते.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळायचा?

वारा पाठीवर घेऊन उभे राहा. लेन्स हुड लावा. पाच-सहा कोरडे मायक्रोफायबर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, कारण पहिलं कापड दुसऱ्या सरीतच भिजतं. छत्री ट्रायपॉडला बांधू नका, वारा दोन्ही घेऊन जातो. ती माणसाने धरावी. गाडीच्या एसीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर आतबाहेर बाष्प धरतं. बंद बॅगेतच २०-३० मिनिटं बाहेर ठेवून मग उघडा. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल. पावसाळाभर ओलसर कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि काचेवरचा तिचा डाग बहुधा कायमचा राहतो.

धुक्यात एक्स्पोजर दाट पांढऱ्या धुक्यावर ठरवा. दरी दिसत असताना ठरवलं तर धुकं भरून आल्यावर फ्रेम पांढरीफटक होते.

वळवाचा ढग वाढताना कसा टिपायचा?

आमच्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा टाइमलॅप्स विषय हाच, आणि तो सगळ्यात कमी टिपला जातो, कारण लोक ढगाच्या खाली जाऊन उभे राहतात. तिथून फक्त काळोखी छत दिसतं. लांब जायला हवं. १४ किमी उंच गेलेला ढग ५० किमीवरून साधारण १५ अंश उंच दिसतो आणि ३५ ते ५० मिमीत पायापासून माथ्यापर्यंत मावतो. तोच १५ किमीवरून ४३ अंश भरतो.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी २ नंतर घाटमाथ्याजवळच्या मोकळ्या टेकाडावरून पूर्वेकडे, देशाच्या बाजूला बघा. सूर्य पाठीशी येतो आणि ढगाचे फुलकोबीसारखे कंगोरे समोरून उजळतात. इंटरव्हल ३ सेकंद. आधी दोन-तीन बुरुज वर येऊन विरतात, मग एक टिकतो. तो टिकला की २० मिनिटं ते एक तासात माथा ऐरणीसारखा पसरतो. वर मोकळं आकाश सोडून फ्रेम बांधा. सुरुवातीला अर्धी फ्रेम रिकामी वाटेल, पण ढग तिथेच जाणार असतो. सूर्यास्ताला ती ऐरण केशरी होते आणि खाली जमीन अंधारात गेलेली असते, तोवर थांबा. निघण्याआधी हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची उपग्रह आणि रडारची ताजी चित्रं बघितली तर कुठल्या बाजूला ढग उभे राहताहेत ते कळतं.

अंधार पडल्यावर शटर ८ सेकंद, इंटरव्हल १० सेकंद केला की विजा सापडतात. प्रत्येक वीज एकाच फ्रेममध्ये, म्हणजे १/२५ सेकंद दिसते. या क्लिपवर फ्लिकर काढणारं सॉफ्टवेअर चालवू नका. ते विजेलाच फ्लिकर समजून विझवतं.

आवाज ३ सेकंदांत सुमारे १ किमी येतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ जात असेल तर ती १० किमीच्या आत आहे. सामान तिथेच सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. उघड्या सड्यावर ट्रायपॉड आणि तुम्हीच सगळ्यात उंच असता.

वाऱ्याने फ्रेम हलते. ट्रायपॉडला वजन लटकवू का?

लटकतं वजन वाऱ्यात झुलतं आणि उलट हलवतं. पिशवीत दगड भरा आणि ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा. पाय पसरून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. ओल्या मातीत पायांखाली चपटे दगड ठेवा, नाहीतर तासाभरात एक पाय बोटभर रुततो. थोडं हललं असेल तर एडिटिंगमध्ये स्टॅबिलाइझ होतं.

बॅटरी, कार्ड आणि शटरचं आयुष्य?

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबी, ३०० फोटोंना साधारण ८ जीबी. मिररलेसची बॅटरी तारे काढताना अडीच-तीन तासांत संपते. यूएसबीवरून चालणारा कॅमेरा असेल तर पॉवर बँक, नसेल तर डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, बाहेरून वीज घेणारी). थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची खिशात अंगाजवळ ठेवा. मेकॅनिकल शटर बऱ्याच कॅमेऱ्यांत १ ते २ लाख फोटोंचा धरतात, म्हणून दिवसाच्या ढगांना इलेक्ट्रॉनिक शटर वापरा. एलईडी दिव्यांखाली मात्र त्याने पट्टे येतात.

फोटो जोडायचे कशात?

रॉ फोटो लाइटरूम किंवा मोफत डार्कटेबलमध्ये उघडा, एका फोटोवर रंग-उजेड ठरवा आणि तेच सगळ्यांना लावा. १६:९ मध्ये क्रॉप करून जेपेग काढा. मग दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ती मालिका एका क्लिपसारखी येते आणि ४के बाहेर काढता येते. ६००० पिक्सेल रुंद फोटोतून ३८४० ची चौकट हळू सरकवली तर कॅमेरा सरकल्याचा भास होतो, यासाठी महागडा स्लायडर (कॅमेरा सरकवायचा रूळ) लागत नाही. डीहेझ आणि क्लॅरिटी (सॉफ्टवेअरमधल्या धूसरपणा कमी करणाऱ्या आणि उठाव वाढवणाऱ्या पट्ट्या) जपून वापरा. या स्लायडर्सचा परिणाम प्रत्येक फोटोच्या आशयावर ठरतो, त्यामुळे ते स्वतःच नवा फ्लिकर तयार करतात.

आकाशातले काळे ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे असतात. एफ ११ पुढे ते ठळक होतात. जागा तीच असल्याने एका फोटोवर काढून सगळ्यांना लावता येतात.

गडांवर, जंगलात रात्री शूट करता येतं का?

आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अभयारण्यात येतो, केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते, आणि अनेक गडांवर रात्री थांबायला मनाई आहे. कासच्या सड्यावर ट्रायपॉडचा एक पाय म्हणजे चिरडलेली दहा-बारा रोपं. तिथे वाट सोडू नका, कठडा असेल तर कॅमेरा त्यालाच क्लॅम्पने बांधा.

मधला एखादा फोटो खराब निघाला तर?

एक असेल तर काढून टाका, पळत्या ढगांत कळत नाही. ताऱ्यांच्या मालिकेत मात्र उडी दिसते, तिथे आधीचा आणि नंतरचा फोटो ५० टक्के पारदर्शकतेने एकमेकांवर ठेवून नवी फ्रेम बनवा. टॉर्चचा झोत पडलेल्या फ्रेमलाही हाच उपाय. सलग चार-पाच गेल्या असतील तर क्लिप तिथेच तोडा आणि मोठा तुकडा ठेवा.